चॅनेल १६ अडवला गेलाय आणि त्याखाली कोणी मदत मागतंय: तटरक्षक कर्मचारी नेमकं काय करतात?

प्रश्न थोडक्यात असा: व्हीएचएफ म्हणजे नौकांचा जवळच्या पल्ल्याचा रेडिओ, आणि त्याचा चॅनेल १६ संकटाच्या व पहिल्या हाकेसाठी असतो. त्यावर कोणीतरी सतत प्रक्षेपण करून चॅनेल अडवलाय. त्याच वेळी कोणीतरी संकटात असल्याचा संशय आहे. किनारी केंद्रातले आणि नौकेवरचे तटरक्षक कर्मचारी अशा वेळी काय करतात? आणि जीपीएसही दाबला गेला असेल तर काय बदलतं?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की पहिलं काम जॅमर, म्हणजे चॅनेल अडवणारा, शोधणं. तसं नाही. त्या आवाजाखाली कोणी दबलंय का, हे ठरवणं हे पहिलं काम. आणि ते ठरेपर्यंत दबलंय असंच धरून चालायचं. पुढची जवळजवळ प्रत्येक कृती याच एका गृहीतकातून निघते, म्हणून ते आधी सांगून टाकलं.

सागरी व्हीएचएफ एफएमवर चालतो, आणि एफएमचा स्वभाव असा की जोरदार सिग्नल दुबळ्याला गिळून टाकतो. दोघं मिसळून ऐकू येत नाहीत. फरक साधारण ६ डेसिबलचा (डेसिबल म्हणजे सिग्नलची शक्ती तोलण्याचं माप) झाला की रिसीव्हर एकाचाच होतो आणि दुसरा जणू नाहीच. दोघं बरोबरीचे असले तर मात्र घरघर, शिट्टी किंवा तुटलेली अक्षरं येतात. म्हणून अडलेल्या चॅनेलवर अधूनमधून शिट्टीसारखा सूर उमटला, किंवा आवाजाचा पोत क्षणभर बदलला, तर तो बिघाड समजायचा नाही. खाली दुसरं कोणीतरी बटण दाबतंय असा त्याचा अर्थ असू शकतो. ही वेळ सेकंदासकट टिपून ठेवायची.

याच गुणधर्माचा उलटा फायदाही आहे. समजा २५ वॉटचा जॅमर १० सागरी मैलांवर आहे आणि बुडणाऱ्या नावेतल्या माणसाकडे ५ वॉटचा हातातला सेट आहे. शक्तीत तो ७ डेसिबलने मागे. पण तुमची नौका त्याच्यापासून २ मैलांवर पोचली, तर अंतराच्या पाचपट फरकाने त्याला १४ डेसिबल मिळतात. हिशेब उलटतो आणि ७ डेसिबलने तोच वरचढ ठरतो. समुद्रावर लांबच्या अंतराला सिग्नल याहूनही वेगाने पडतो, त्यामुळे प्रत्यक्षात फायदा थोडा जास्तच. जॅमिंगवरचा सगळ्यात भरवशाचा उतारा म्हणजे जवळ जाणं. म्हणून शेवटचं स्थान अंदाजेच माहीत असलं तरी नौका त्या दिशेने सोडतात, पक्की बातमी येण्याची वाट पाहत नाहीत.

बहुतेक वेळा जॅमर म्हणजे अडकलेला माईक

मुद्दाम केलेलं जॅमिंग घडतं, पण नेहमीचा गुन्हेगार वेगळाच असतो: खुर्चीच्या फटीत दाबला गेलेला माईक, ओलाव्याने बटणाचे संपर्क चिकटलेला सेट, किंवा सामानाखाली पडलेला हातातला सेट. ओळख सोपी आहे. इंजिनाची घरघर, लाटांचे फटके, आपसातल्या गप्पा, कधी नुसती शांत वाहक लहर, म्हणजे आवाज न चढवलेली रिकामी लहर. मुद्दाम करणारा सहसा संगीत, शिव्या, सलग सूर किंवा आधी रेकॉर्ड केलेलं बोलणं सोडतो, आणि लोक प्रतिक्रिया देऊ लागले की त्याची लयही बदलते.

इथे एक चूक वारंवार होते. ऑपरेटर चॅनेल १६ वर ‘आपला माईक तपासा’ असं सांगत राहतो. ज्याचा माईक अडकलाय त्याचा रिसीव्हर प्रक्षेपण चालू असेपर्यंत बंद असतो, तेव्हा ज्याला सांगायचं तो सोडून बाकी सगळे ऐकतात. तरी ही घोषणा एक-दोनदा करतात, कारण त्याच नौकेवर दुसरा सेट वेगळ्या चॅनेलवर असू शकतो, आणि शेजारच्या नौकेने ऐकलं तर ती हाक मारू शकते. घोषणा कामाच्या चॅनेलवर आणि जहाजांच्या ब्रिजवरून (सुकाणू-कक्षातून) एकमेकांशी बोलण्याच्या चॅनेल १३ वर करणं जास्त उपयोगी. त्यानंतर फोन, भोंगा, दिवा, नाहीतर सरळ बाजूला जाऊन हातवारे.

अनेक सेटमध्ये सलग ५ मिनिटं प्रक्षेपण झालं की ते आपोआप तोडणारा टाइमर असतो. त्यामुळे साधारण पाच-पाच मिनिटांनी आवाज तुटून पुन्हा सुरू होत असेल तर अडकलेल्या माईकचा संशय बळावतो. जुन्या सेटमध्ये हा टाइमर नसतो. हातातल्या सेटची बॅटरी सलग प्रक्षेपणात तास-दोन तासांतच बसते. आवाज त्याहून कितीतरी जास्त वेळ एकाच जोराने चालू असेल, तर त्यामागे बोटीच्या किंवा जमिनीवरच्या वीजपुरवठ्याला जोडलेलं यंत्र आहे असं धरायला हरकत नाही.

दुसऱ्यावर संशय घेण्याआधी आपलं घर तपासायचं. एलईडी दिवे, सौर चार्ज कंट्रोलर, स्वस्तातले डीसी कन्व्हर्टर व्हीएचएफ पट्ट्यात गोंगाट ओततात. २०१८ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाने एलईडी दिव्यांबद्दल खास इशारा काढला होता. त्यातली चाचणी कुठल्याही नौकेवर दोन मिनिटांत होते: दिवे बंद ठेवून सेट एखाद्या शांत चॅनेलवर न्या, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) फिरवून खरखर जेमतेम थांबेल इथे आणा, मग दिवे लावा. खरखर परत आली तर जॅमर तुमच्याच डोलकाठीवर आहे. अशा गोंगाटाने चॅनेल पूर्ण अडत नाही, फक्त पल्ला घटतो. पण म्हणूनच तो जास्त घातक, कारण कोणाच्या लक्षातच येत नाही.

किनारी केंद्रातली पहिली पाच मिनिटं

केंद्राचे अँटेना वेगवेगळ्या टेकड्यांवर असतात, आणि ऑपरेटर पहिला हात तिथे घालतो: प्रत्येक साइट, म्हणजे अँटेनाची जागा, वेगळी करून ऐकणं. एकाच साइटवर आवाज असेल तर स्रोत तिच्या आसपास आहे किंवा बिघाड त्या साइटचाच आहे. मग त्या साइटचा ऑडिओ मुख्य स्पीकरवरून काढून एका हेडफोनवर द्यायचा आणि बाकी साइटींवर पहारा मोकळा करायचा. चार साइटींचा आवाज एकत्र मिसळून ऐकणाऱ्या केंद्रात एक जॅमर चारही साइटी बहिऱ्या करतो. हे टाळण्यासाठी फक्त एक बटण लागतं, पण गडबडीत तेच विसरलं जातं.

कोणती साइट किती लांबचं ऐकू शकते याचा अंदाज तोंडपाठ असावा लागतो. सागरी मैलांतला पल्ला म्हणजे ढोबळमानाने २.५ गुणिले दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळांची बेरीज. १०० मीटरवरचा किनारी अँटेना आणि ४ मीटरवरचा नौकेचा अँटेना: २.५ × (१० + २) = ३० मैल. पाण्यात उभ्या माणसाच्या हातातल्या सेटला उंची १ मीटरही मिळत नाही, शक्तीही कमी, म्हणून त्याचा पल्ला कागदावरच्या आकड्यापेक्षा बराच खाली येतो.

मग वाहतूक हलवायची. चॅनेल ७०, म्हणजे १५६.५२५ मेगाहर्ट्झ, हा डिजिटल निवडक हाकेचा म्हणजे डीएससीचा चॅनेल, इथे आवाजाऐवजी छोटा डिजिटल संदेश जातो. चॅनेल १६ (१५६.८ मेगाहर्ट्झ) अडवणारा सहसा ७० ला हात लावत नाही. त्यामुळे सर्व जहाजांना डीएससी हाक देऊन कामाचा पर्यायी चॅनेल सांगता येतो. शोध-बचावाच्या समन्वयासाठी ६, १०, ६७, ७३ यांतला जो मोकळा असेल तो निवडतात. विमान किंवा हेलिकॉप्टर येणार असेल तर ६ आधी पाहायचा. हीच सूचना नॅव्हटेक्सवर (जहाजांना लेखी इशारे देणारी सेवा) ५१८ किलोहर्ट्झवरून आणि मध्यम लहरीच्या २१८२ किलोहर्ट्झवरूनही देतात. पण चॅनेल १६ वरचा पहारा सोडायचा नाही. ज्याच्याकडे एकच जुना सेट आहे तो १६ वरच ओरडणार.

चॅनेल १६ वरून जॅमरशी वाद घालणं, धमकावणं, ‘आम्हाला तुझी दिशा कळली’ असं सांगणं सक्त टाळायचं. हौशी त्रास देणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. आणि दिशा कळल्याचं त्याला कळलं की तो बंद करून निघून जातो, दिशाशोधन (सिग्नल कुठल्या दिशेने येतो ते शोधणं) तिथेच संपतं.

नौकेवर

गस्ती नौकेवर शक्यतो तीन कान वेगळे ठेवतात: एक सेट फक्त १६ वर, डीएससीचा रिसीव्हर ७० वर, तिसरा कामाच्या चॅनेलवर. स्कॅन आणि ड्युअल वॉच, म्हणजे एकाच सेटने आळीपाळीने अनेक किंवा दोन चॅनेल ऐकणं, लगेच बंद. कारण साधं आहे: अडलेला चॅनेल कधीच शांत होत नाही, त्यामुळे स्कॅन करणारा सेट १६ वर येऊन तिथेच चिकटतो आणि कामाच्या चॅनेलवरची हाक ऐकूच येत नाही. ‘रेडिओ चालू होता, तरी काही ऐकलं नाही’ अशा तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

१६ ऐकणाऱ्या माणसाला दुसरं काम द्यायचं नाही. हेडफोन, स्क्वेल्च पूर्ण उघडा, हातात पेन्सिल. संकटातला माणूस ऐकू शकतो पण त्याचं बोलणं दबतं, अशी शक्यता खूप असते, कारण तुमचा २५ वॉटचा सेट जवळून जॅमरवर मात करतो, त्याचा ५ वॉटचा करू शकत नाही. अशा वेळी उत्तर शब्दांत मागायचं नाही, बटणाने मागायचं:

‘मदत मागणारी नौका, ऐकू येत असेल तर बटण तीन वेळा दाबा, प्रत्येक वेळी दोन सेकंद.’
‘पाण्यात माणसं असतील तर दोनदा, नसतील तर एकदा.’
‘आमचा दिवा दिसत असेल तर दोनदा.’

प्रत्येक दाबाला जॅमरच्या आवाजात शिट्टी किंवा खंड उमटतो, आणि तेवढ्यावर हो-नाही चालतं. प्रश्न एका वेळी एकच, आणि उत्तरासाठी पूर्ण १० सेकंद थांबायचं. ओल्या, थंड हातांनी बटण दाबायला वेळ लागतो.

उंचीचं एक उलटं गणित आहे. हेलिकॉप्टर वर गेलं की त्याला लांबचं ऐकू येतं, हे खरं. पण जॅमरही तितक्याच लांबून ऐकू येतो. ३०० मीटरवरून क्षितिज सुमारे ४० मैल दूर असतं, म्हणजे त्या वर्तुळातला प्रत्येक उपद्रवी त्याच्या कानात. जॅमर किनाऱ्यावर आणि संकट समुद्रात असेल, तर जॅमरची दिशा घेण्यासाठी उंच आणि संकटग्रस्ताला ऐकण्यासाठी खाली, क्षितिजाच्या आडोशाला, असं उडावं लागतं.

आवाज चालतच नसेल तर डोळे. छत्रीचा लाल दारूबाण ३०० मीटर चढतो आणि ४० सेकंद जळतो, हातातला लाल फ्लेअर १ मिनिट, नारिंगी धूर ३ मिनिटं. नौकेवर रेडिओत सगळे गुंतले की क्षितिजाकडे पाहणारं कोणी उरत नाही, म्हणून टेहळ्या वेगळा नेमायचा.

दिशाशोधन

दिशाशोधक यंत्राची चूक चांगल्या स्थितीत ५ अंशांच्या आसपास धरावी. २० मैलांवर ५ अंश म्हणजे दोन्ही बाजूंना पावणेदोन मैल, म्हणजे साडेतीन मैल रुंद पट्टा. त्या दिशेने नकाशावर ओढलेली एक रेघ कधीच स्थान देत नाही. दोन रेघा ६० ते १२० अंशांच्या कोनात छेदल्या तर भरवसा ठेवण्यासारखं, ३० च्या आत छेदल्या तर लांबलचक काकडीच्या आकाराचा प्रदेश मिळतो, आणि त्यात मध्यबिंदूला काही अर्थ नसतो.

नौकेची स्वतःची डोलकाठी, रडारचा मनोरा, क्रेन यांवरून लहर परतते आणि ठरावीक कोनांना वाचन बिघडतं. उपाय: नौकेचं तोंड ३०-४० अंशांनी बदलून पुन्हा वाचन घ्यायचं. खरी दिशा तीच राहते, परावर्तनाची फिरते. हलत्या स्रोतासाठी प्रत्येक वाचनासोबत वेळ लिहायची, नाहीतर दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या दोन रेघा भलतीकडेच छेदतात.

यंत्रच नसेल तर हातातला सेट छातीशी धरून हळूहळू गोल फिरायचं. सिग्नल सगळ्यात क्षीण होईल तेव्हा स्रोत पाठीमागे असतो, कारण शरीर आडवं येतं. स्रोत फार जवळ असून सेट तुडुंब भरलेला असेल तर अँटेना काढून किंवा शेजारच्या चॅनेलवर जाऊन ऐकायचं. ढोबळ आहे, पण बंदरात नांगरलेल्या नौकांच्या रांगेतून एक वेगळी काढायला पुरतं.

इथे कर्मचाऱ्यांपुढे निवड येते: दोनपैकी एकच नौका उपलब्ध असेल तर ती जॅमरकडे पाठवायची की संकटाकडे? संकटाकडे. जॅमरकडे नेण्याला एकच अपवाद, तो म्हणजे संकटाचा कुठलाच ठावठिकाणा नाही आणि चॅनेल मोकळा झाल्याशिवाय तो कळणारही नाही.

डीएससीचा इशारा आला, पण आवाज नाही

सेटवरच्या लाल संकट-बटणाने गेलेला डीएससी इशारा व्हीएचएफवर जेमतेम अर्ध्या सेकंदाचा असतो. प्रत्येक चिन्ह दोनदा जातं आणि चूक पकडण्याची सोयही आत असते. पावती, म्हणजे ‘इशारा मिळाला’ असं डीएससी उत्तर, मिळेपर्यंत तो साधारण साडेतीन ते साडेचार मिनिटांनी पुन्हापुन्हा जातो. त्यात ९ अंकी एमएमएसआय (त्या सेटचा ओळख क्रमांक), संकटाचा प्रकार, स्थान आणि त्या स्थानाची वेळ असते. चॅनेल १६ अडलेला असताना हा इशारा म्हणजे हाती असलेला सगळ्यात स्वच्छ पुरावा.

किनारी केंद्राने पावती दिली की समोरचा सेट इशारा पाठवणं थांबवतो. म्हणून पावती देण्याआधी स्थान आणि वेळ नीट उतरवून घ्यायची. माझं मत विचाराल तर पावती लांबवू नये. संकटातल्या माणसाला ‘ऐकलं गेलं’ हे कळणं त्या घडीला फार मोलाचं असतं. पावतीनंतर त्याच एमएमएसआयला डीएससीने स्थान विचारता येतं, सेटमध्ये सोय असेल तर. आसपासच्या जहाजांनी मात्र डीएससी पावती देण्याच्या फंदात पडू नये. त्यांनी आवाजाने पोच द्यावी, आणि केंद्राने ऐकलंच नाही असं दिसलं तर मेडे रिले करावा, म्हणजे त्याची संकटाची हाक पुढे पोचवावी.

इशाऱ्यातलं स्थान डोळे झाकून घ्यायचं नाही. दहाही जागी ९ आणि वेळेत ८८८८ आलं तर सेटला स्थान माहीतच नाही. जास्त फसवी गोष्ट म्हणजे शिळं स्थान. जीपीएस तुटला तरी सेट शेवटचं स्थान धरून बसतो. ४ तासांनी कुरकुरतो आणि साडेतेवीस तासांनी ते पुसतो. १२ नॉटने जाणारी नौका ४ तासांत ४८ मैल पुढे गेलेली असते. म्हणून आधी स्थानाची वेळ पाहायची, मग स्थान. ज्या साइटने इशारा ऐकला तिच्या पल्ल्यात ते स्थान बसतं का, आणि दिशाशोधकाची रेघ तिथून जाते का, हेही पाहायचं. जुळत नसेल तर रेघ खरी धरून स्थानावर शंका घ्यायची.

जीपीएसही दाबला गेला असेल तर

१५७५.४२ मेगाहर्ट्झवरचा उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर इतका क्षीण पोचतो की खिशातलं यंत्रही तो बुडवतं. मुद्दाम असावं असंही नाही: २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग बंदरात नौकांवरच्या टीव्ही अँटेनांच्या बिघडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरनी बंदरभर जीपीएस आंधळा केला होता. नुसतं दाबणं तरी लक्षात येतं. खोटं स्थान भरवणं जास्त वाईट, कारण यंत्र आनंदाने चुकीचा आकडा दाखवतं. एआयएसवर (जहाजं आपली ओळख आणि स्थान आपोआप कळवतात ती यंत्रणा) अनेक जहाजं एकाच बिंदूवर गोळा झाली, गोल फिरताना दिसली किंवा जमिनीवर चढली, तर ओळखावं.

नौकेवर ऑटोपायलट प्लॉटरपासून (जीपीएसवर चालणाऱ्या नकाशाच्या पडद्यापासून) तोडून हातात सुकाणू घ्यायचं आणि स्थान रडारच्या अंतर-दिशेवरून, खोलीवरून काढायचं. एक छुपा सापळा सांगतो: नौकेवर उपग्रह कंपास (जीपीएस सिग्नलवरून दिशा दाखवणारा) असेल तर त्याचं दिशादर्शनही जातं. दिशाशोधक सापेक्ष कोन, म्हणजे नौकेच्या तोंडापासून मोजलेला, देतो, तो खऱ्या दिशेत बदलायला नौकेची दिशा लागते. ती चुकली की नकाशावरची प्रत्येक रेघ फिरते, आणि यंत्र मात्र निरोगी दिसतं. चुंबकीय कंपास किंवा गायरोवरून (फिरत्या चक्रावर चालणाऱ्या कंपासवरून) दिशा द्या, मगच रेघा ओढा.

या परिस्थितीत ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब, म्हणजे उपग्रहाला संकट कळवणारं नौकेवरचं छोटं यंत्र, खरा उपयोगी पडतो. तो साधारण ५० सेकंदांनी अर्ध्या सेकंदाचा झटका पाठवतो, आणि कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेचे उपग्रह जीपीएसशिवायही लहरीच्या वारंवारतेतल्या बदलावरून त्याचं स्थान काढतात, चूक काही किलोमीटरच्या घरात. ईपर्बने स्वतः सांगितलेलं आणि उपग्रहांनी काढलेलं स्थान यांत मोठी तफावत असेल तर खोट्या जीपीएसचा संशय पक्का. शेवटच्या टप्प्यात १२१.५ मेगाहर्ट्झच्या लहरीवर दिशाशोधकाने जवळ जायचं. रडार सार्टलाही (शोधणाऱ्याच्या रडारला उत्तर देणारं यंत्र) जीपीएस लागत नाही: पडद्यावर १२ ठिपक्यांची रांग येते, सर्वांत आतल्या ठिपक्याजवळ तो असतो, आणि साधारण मैलभर आत गेलं की ठिपके कमानी होतात, मग पूर्ण वर्तुळं. त्या टोकाला रडारचा गेन कमी करायचा, नाहीतर वर्तुळांत दिशा हरवते. एआयएसवरून संदेश देणाऱ्या एआयएस सार्टचं तसं नाही, त्याचं स्थान जीपीएसवरून येतं. जीपीएस नसेल तर अक्षांश ९१ आणि रेखांश १८१ असे अशक्य आकडे दिसतात. ९७० ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर स्थान नसलं तरी तो संकटाचाच संदेश धरा, पुसून टाकू नका.

चॅनेल मोकळा झाल्यावर

आवाज थांबला की लगेच बोलायचं नाही. आधी पूर्ण ३ मिनिटं ऐकायचं, कारण दबलेल्या माणसाला आता पहिल्यांदा संधी मिळते आणि २५ वॉटच्या केंद्राने ती हिसकावून घेऊ नये. मग सर्व स्थानकांना हाक: अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत १६ अडलेला होता, त्या काळात कोणी संकटाची हाक दिली किंवा ऐकली का. पर्यायी चॅनेलवर गेलेल्या सगळ्यांना नावानिशी परत आणायचं. कोणी उत्तर दिलं नाही तर त्या नौकेसाठी अनिश्चिततेचा टप्पा (ती सुरक्षित आहे का याची शंका आल्यावरची शोध-बचावाची पहिली पायरी) सुरू करून फोनने, बंदरातून चौकशी सुरू करायची.

नोंदवहीत यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ, चॅनेल, कोणत्या साइटींवर किती जोराने, आवाजाचं वर्णन, दिशावाचनं आणि ती घेताना नौका कुठे होती, एवढं असलं तरच वर्णपट नियंत्रण यंत्रणा पुढे काही करू शकते. मूळ रेकॉर्डिंग लगेच वेगळं काढून ठेवायचं, कारण बरेच रेकॉर्डर जुन्यावर नवं लिहितात. आणि पहारा बदलण्याआधी ते पूर्ण रेकॉर्डिंग प्रत्येक साइटचं वेगवेगळं, हेडफोन लावून, एका ताज्या माणसाकडून ऐकवून घ्यायचं. एका साइटवर गिळलेला शब्द दुसरीवर स्पष्ट सापडतो.